सज्ञान झालेल्या बौद्धिक दिव्यांगांचे पालकत्व व स्वनिर्णय

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनात दिलेले व्याख्यान)



शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाची जन्मतारीख लिहिताना शिक्षकाच्या मनात बहुधा इयत्ता पहिलीचाच विचार असतो. मुलास सहा वर्षे पूर्ण झाली आहेत की नाहीत, एवढेच त्या वेळी पाहावयाचे असते. परंतु त्याच एका तारखेवरून आणखी एक दिवस ठरत असतो. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ अन्वये ज्या दिवशी त्या मुलास अठरा वर्षे पूर्ण होतात, त्या दिवशी ते कायद्याच्या दृष्टीने सज्ञान होते. तोपर्यंत आईबाप त्याच्या वतीने सही करीत असतात. त्या दिवसापासून त्यांचा तो अधिकार संपतो. बुद्धीची वाढ वयाबरोबर झालेली असो वा नसो, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे.

बहुतेक घरांत ही गोष्ट कोणाच्या ध्यानीमनीही नसते. पुढे केव्हातरी बँकेत किंवा तलाठ्याच्या कार्यालयात काम अडते, तेव्हा ती कळते. सातबाराच्या उताऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा असतो. मूल सज्ञान झाल्यावर तो शेरा कमी होतो आणि जमिनीच्या कामात त्याची स्वतःची सही लागते. बँकेतील अज्ञानाचे खातेही पुढे त्याच्याच सहीने चालवावे लागते. अशा वेळी घरची मंडळी म्हणतात, “त्याला काय कळते? आम्हीच सही करतो की!” पण कायदा ते मान्य करीत नाही. मग कोणी सल्ला देतो, “ह्याचे पालकत्व काढून घ्या.” पालकत्वासाठी कागद गोळा करू लागले म्हणजे पहिली खेप शाळेकडेच होते, कारण जन्मतारखेचा पुरावा तेथे असतो. म्हणून हा विषय वकिलांचा किंवा डॉक्टरांचा आहे, असे म्हणून प्राथमिक शिक्षकास बाजूला होता येत नाही.

एक प्रसंग

असे समजावे की, एका खेड्यातील मुलगा चौथीपर्यंत शाळेत होता. त्याच्या बुद्धीची वाढ बेताची. वाचन दोन-चार शब्दांपलीकडे गेले नाही. पण स्वतःचे नाव तो लिहितो. दहाची व शंभराची नोट ओळखतो, दुकानातून सांगितलेली वस्तू आणतो, शेळ्या राखतो आणि संध्याकाळी त्या मोजून आत घेतो. व्याज म्हणजे काय, खरेदीखत म्हणजे काय, हे मात्र त्यास उमगत नाही. आज त्याचे वय चोवीस वर्षांचे आहे. वडील वारले, वारसनोंदीत आई, दोन थोरले भाऊ आणि हा, अशी चार नावे लागली. आता भावांना रस्त्यालगतचा तुकडा विकावयाचा आहे.

थोरला भाऊ मुख्याध्यापकांकडे येतो. त्यास जन्मतारखेचा दाखला हवाच आहे. पण त्याबरोबर ‘ह्या मुलास काहीही समजत नाही’ अशा आशयाचे चार ओळींचे पत्रही शाळेच्या शिक्क्यानिशी हवे आहे. दुसऱ्या दिवशी आई येते. ती म्हणते, “गुरुजी, मी आहे तोवर ठीक आहे. माझ्या माघारी ह्याच्याकडे कोण बघेल? काय लिहून द्यायचे ते द्या, पण ह्याची काहीतरी सोय लावा.” थोरल्याच्या मनात कपटच आहे असे नाही. आईच्या मनात तर केवळ काळजी आहे. तथापि दोघांच्याही मागणीत एक गोष्ट समान आहे : ज्याच्याविषयी हे सर्व चालले आहे, त्यास कोणी काही विचारलेले नाही.

मुख्याध्यापकांनी ते पत्र द्यावे काय? ह्याचे उत्तर देण्यापूर्वी कायद्याची वाटचाल थोडी पाहणे अवश्य आहे.

कायदा कोठून कोठे आला

फार काळपर्यंत वेड आणि बौद्धिक अक्षमता ह्यांत कायद्याने भेद केला नव्हता. १९१२ च्या भारतीय वेड अधिनियमात वेड्याची जी व्याख्या होती, तिच्यातच जन्मतः बुद्धी न वाढलेल्या माणसाचाही समावेश होता. जिल्हा न्यायालयापुढे चौकशी होऊन अशा माणसाच्या देहाची व मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपविली जात असे. वस्तुतः वेड हा आजार आहे. तो येतो आणि उपचाराने बराही होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हे. ती वाढीच्या काळातच दिसून येते व पुढेही राहते. परंतु शिक्षणाने आणि सरावाने अशी व्यक्ती पुष्कळ गोष्टी शिकू शकते. हा भेद लक्षात आल्यावर १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळली. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानेही तोच भेद कायम ठेवला.

मालमत्तेच्या बाबतीतही असाच प्रवास झालेला आहे. जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे अंध, बधिर, पंगू अशा अनेकांना वारसा मिळत नसे. १९२८ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ही बंदी पुष्कळशी उठविली; पण जन्मापासून वेडा किंवा बुद्धिहीन असलेला मनुष्य मात्र वारशाबाहेरच राहिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २८ ने हा शेवटचा अपवादही काढून टाकला. कोणताही रोग, दोष वा व्यंग ह्या कारणावरून कोणासही वारसा नाकारता येणार नाही, असे त्या कलमात स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे वरील प्रसंगातील धाकट्या मुलाचा वडिलांच्या जमिनीतील हिस्सा हा भावांच्या दयेचा विषय राहिलेला नाही. तो त्याचा हक्क आहे.

हक्क मिळाला, पण तो चालवावयाचा कसा, हा प्रश्न उरला. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम हे दोन्ही अठरा वर्षांखालील मुलांपुरते आहेत. १९८७ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता मानसिक आजारातून वेगळी काढली, हे योग्यच झाले. परंतु त्यामुळे अशा सज्ञान व्यक्तीस पालक नेमण्याचा जुना मार्गही बंद झाला. ही उणीव संसदेने १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियम करून भरून काढली.

राष्ट्रीय न्यास आणि स्थानिक स्तर समिती

राष्ट्रीय न्यास अधिनियम चार प्रकारच्या व्यक्तींसाठी आहे : स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात झालेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि बहुविकलांग. ह्या व्यक्तींना आपल्या समाजात, शक्य तितक्या स्वतंत्रपणे व पूर्णपणे जगता यावे, हा ह्या कायद्याचा पहिला उद्देश आहे. आईबाप अथवा पालक ह्यांच्या मृत्यूनंतरची व्यवस्था हाही त्याचा एक उद्देश आहे. आईच्या मनातील ‘माझ्या माघारी कोण?’ हा प्रश्न ह्या कायद्याने आपल्या उद्दिष्टांतच घेतला आहे, हे शिक्षकाने तिला आवर्जून सांगावे.

पालक नेमण्याचे काम प्रत्येक जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे आहे. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती असे तीन सदस्य असतात. आईवडिलांना किंवा नातेवाइकांना ह्या समितीकडे अर्ज करता येतो. अर्ज आला की पालक नेमलाच पाहिजे असे नाही. समितीने दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. ह्या व्यक्तीस पालकाची खरोखर गरज आहे काय? आणि असल्यास ती कोणकोणत्या कामांसाठी आहे? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण बँकेच्या व्यवहारासाठी साहाय्य लागणाऱ्या मनुष्यास काय खावे, कोठे जावे, कोणाशी बोलावे ह्यासाठीही दुसऱ्याची परवानगी लागावी, असे नाही.

नेमलेल्या पालकावर बंधने आहेत. नियुक्तीपासून सहा महिन्यांच्या आत त्याने त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची, इतर मत्तेची, येण्याची व देण्याची यादी द्यावयाची असते. पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत जमाखर्चाचा हिशेबही द्यावयाचा असतो. पालक त्या व्यक्तीचा छळ करीत असेल, हेळसांड करीत असेल, अथवा मालमत्तेचा अपहार करीत असेल, तर त्यास दूर करण्यासाठी समितीकडे अर्ज करता येतो. ह्या समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी व चालविण्यासाठी ग्राह्य धरावे, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये बँकांना कळविले आहे. तेव्हा पालकत्व म्हणजे मालकी नव्हे. ज्याला हिशेब द्यावा लागतो तो मालक नसतो. तो विश्वस्त असतो.

२०१६ चा कायदा आणि मर्यादित पालकत्व

राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाल्यानंतर जगात ह्या विषयाचा विचार पुढे गेला. काही देशांनी त्याआधीच पावले उचलली होती. एखाद्या सज्ञान मनुष्यास पूर्णपणे अक्षम ठरविण्याची जुनी पद्धत स्वीडनने १९८९ मध्ये आणि जर्मनीने १९९२ मध्ये बंद केली. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने दिव्यांगांच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या बाराव्या अनुच्छेदात असे म्हटले आहे की, दिव्यांग व्यक्तींना जीवनाच्या सर्व अंगांत इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, आणि ती क्षमता वापरण्यासाठी लागणारे साहाय्य त्यांना मिळवून देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी ह्या करारास अनुसमर्थन दिले. त्याला अनुसरून संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ केला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

ह्या कायद्याने विचाराची दिशाच बदलली. पूर्वी पहिला प्रश्न असे, ‘ह्याच्या वतीने कोण ठरवील?’ आता पहिला प्रश्न आहे, ‘ह्यास स्वतः ठरविता यावे म्हणून कोणते साहाय्य द्यावे लागेल?’ कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीस मालमत्ता धारण करण्याचा, वारशाने घेण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क इतरांइतकाच आहे. साहाय्य करणाऱ्याने तिच्यावर गैर दबाव आणता कामा नये. तिची प्रतिष्ठा, तिचा स्वनिर्णय आणि तिचा खासगीपणा जपला पाहिजे. साहाय्य नको वाटल्यास ते बदलण्याचा अथवा नाकारण्याचाही तिला अधिकार आहे. एखाद्या व्यवहारात साहाय्य करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ आणि त्या व्यक्तीचे हित ह्यांत विरोध येत असेल, तर त्या व्यवहारापुरते त्याने बाजूला झाले पाहिजे. मात्र केवळ रक्ताचे नाते आहे म्हणून स्वार्थ आहेच, असे कायदा गृहीत धरीत नाही. नात्यावर संशय घ्यावयाचा नाही. व्यवहार पाहावयाचा आहे.

कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. पुरेसे व योग्य साहाय्य देऊनही ज्या व्यक्तीस कायद्याने बांधील होणारा निर्णय घेता येत नाही, तिला जिल्हा न्यायालय किंवा राज्य शासनाने नेमलेला प्राधिकारी मर्यादित पालक देऊ शकतो. हा पालक त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेतो. परस्परांची समज आणि विश्वास ह्यांवर चालणारी संयुक्त निर्णयाची पद्धत, असेच कायद्याने तिचे वर्णन केले आहे. ती ठरावीक मुदतीपुरती, ठरावीक निर्णयापुरती व ठरावीक परिस्थितीपुरती असते, आणि ती त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून चालली पाहिजे. इतर कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालकही आता मर्यादित पालक म्हणूनच काम करील, असे ह्या कलमात सांगितले आहे.

येथे एक शंका रास्तपणे घेतली जाते. काही व्यक्तींची अक्षमता अतितीव्र असते; त्यांना बोलता येत नाही, पैसा म्हणजे काय हे कळत नाही. त्यांची इच्छा कशी जाणावयाची? कायद्याने हे ओळखले आहे. अशा व्यक्तीस पूर्ण साहाय्य देण्याची अथवा मर्यादित पालकत्व पुनःपुन्हा देण्याची मुभा आहे. मात्र त्या निर्णयाचे पुनर्विलोकन झाले पाहिजे. आणि इच्छा शब्दांतच असते असे थोडेच आहे? कोणाच्या हातचे मूल जेवते व कोणाच्या हातचे जेवत नाही, कोणत्या घरी ते शांत झोपते व कोठे रडते, हे आई जाणते. शाळेत असे मूल असेल तर शिक्षकही जाणतो. ह्या गोष्टी जाणणाऱ्याला विचारून घेतलेला निर्णय आणि मुळीच न विचारता घेतलेला निर्णय ह्यांत पुष्कळ अंतर आहे.

न विचारल्याने काय होते

ज्याचे त्यास न विचारता ‘त्याच्याच हितासाठी’ निर्णय घेतल्याने काय घडते, ह्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील काही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण त्यासाठी सांगण्यात आले. ह्यावर देशभर वाद झाला व पुढील शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. स्वच्छता शिकविण्याचे कष्ट घेण्याऐवजी शरीराचा अवयवच काढून टाकण्याचा विचार मनात यावा, ह्याचे मूळ एकाच समजुतीत आहे : ‘त्यांना काय कळते!’

दुसरे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ सालच्या निर्णयाचे आहे. चंडीगढच्या एका शासकीय आश्रयगृहात राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका अनाथ तरुण स्त्रीवर तेथेच अत्याचार होऊन तिला दिवस गेले. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली व उच्च न्यायालयाने ती दिली. त्या स्त्रीस मात्र मूल हवे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. न्यायालयाने असे ठरविले की, १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात पालकाच्या संमतीची तरतूद मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान स्त्रीसाठी नाही. म्हणून हिच्या स्वतःच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही. वेड आणि बौद्धिक अक्षमता ह्यांतील भेद केवळ पुस्तकी नाही, हे ह्यावरून ध्यानात यावे. त्या एका भेदावर एका स्त्रीचे मातृत्व अवलंबून होते.

ह्याचा अर्थ असा नव्हे की, संरक्षणाची गरजच नाही. कोऱ्या कागदावर अंगठा घेणारे, गोड बोलून निवृत्तिवेतनाचे पैसे काढून नेणारे, मजुरी न देता राबवून घेणारे लोक आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये, ज्यास कराराचा अर्थ समजत नाही व त्याचा आपल्या हितावर होणारा परिणाम उमगत नाही, अशा व्यक्तीने केलेला करार निरर्थक ठरतो. ही तरतूद दुर्बळांना वाचविण्यासाठी आहे. संरक्षण हवे; पण ते फसविणाऱ्यापासून हवे. संरक्षणाच्या नावाने त्या माणसाचा शब्दच काढून घेतला, तर फसविणाऱ्याचे काम उलट सोपे होते; कारण ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याची तक्रारही कोणी ऐकत नाही.

मतदार यादी

एक गोष्ट येथे थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिचा शिक्षकाशी प्रत्यक्ष संबंध येतो. अनेक शिक्षक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघर जाऊन मतदारांची नोंद करतात. अशा वेळी घरचे लोक सांगतात, “त्याचे नाव कशाला? तो तसला आहे.” आणि नाव राहून जाते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे मनोविकलतेच्या कारणावरून नाव वगळावयाचे, तर सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केलेले असावे लागते. घरच्यांच्या सांगण्यावरून किंवा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरून नाव वगळता येत नाही. तेव्हा अठरा वर्षे पूर्ण झालेल्या अशा तरुणाचा नमुना अर्ज भरून घेणे हे त्या शिक्षकाचे कर्तव्यच आहे.

शिक्षकाचे कार्य

स्वनिर्णय ही अठराव्या वर्षी अकस्मात येणारी वस्तू नाही. ती सहाव्या वर्षापासून शिकवावी लागते, आणि ती शिकविण्याची जागा प्राथमिक शाळा हीच आहे.

पहिली गोष्ट निवड करावयास शिकविण्याची. वर्गातील अशा मुलापुढे दोन वस्तू ठेवून, ह्यांतील कोणती हवी, असे रोज विचारावे. तांबडा खडू की निळा? फळा पुसणार की पाणी आणणार? आणि त्याने जे निवडले ते मान्य करावे. सर्व मुलांना विचारून त्यालाच तेवढे न विचारता काम सांगणे, ही चूक अजाणता फार होते.

दुसरी गोष्ट ‘नाही’ म्हणावयास शिकविण्याची. आज्ञाधारक मूल म्हणून अशा मुलाची स्तुती होते. पण सर्वांचे सर्व ऐकण्याची ज्यास सवय लागली, तो मोठेपणी कोणाच्याही सांगण्यावरून कोठेही अंगठा उठवितो. कोणी अंगास नको तसा हात लावला, तर ‘नाही’ म्हणून ओरडावे व आईस येऊन सांगावे, हे त्यास आणि विशेषतः मुलींना पुनःपुन्हा शिकविले पाहिजे.

तिसरी गोष्ट पैशाची. चित्रातल्या नोटा उपयोगी नाहीत. खऱ्या नोटा हातात देऊन, शाळेसमोरच्या दुकानात पाठवून, उरलेले पैसे मोजून आणावयास लावावे. चूक झाली तर होऊ द्यावी. पाच रुपये हरवून शिकलेला मुलगा पुढे पाच हजार जपतो.

चौथी गोष्ट सहीची. सही वळणदार येणे हे अर्धेच काम झाले. कोऱ्या कागदावर सही करावयाची नाही, कागद वाचून दाखविल्यावाचून सही करावयाची नाही, आणि ज्यावर विश्वास आहे अशा माणसाला विचारल्यावाचून सही करावयाची नाही, हे तीन नियम सहीबरोबरच शिकवावेत.

पाचवी गोष्ट समजले की नाही हे पाहण्याची रीत. “समजले ना?” असे विचारले की अशी मुले मान डोलावितात. त्याऐवजी, “आता तू मला सांग,” असे म्हणावे. त्याच्या शब्दांत त्याने सांगितले, म्हणजे समजले. एकाच गोष्टीसाठी चित्र, कृती, वेगळा दिवस, वेगळी जागा असे चार प्रयत्न करून पाहावेत. चांगल्या शिक्षकास ही रीत नवी नाही. कायद्यात ज्यास पुरेसे व योग्य साहाय्य म्हटले आहे, ते पुष्कळ अंशी हेच आहे.

ह्यांखेरीज नोंदी काळजीने लिहाव्यात. प्रगतिपत्रकात ‘काहीच येत नाही’ असा शेरा कधीही मारू नये; तो खराही नसतो. काय येते, कोणाच्या मदतीने येते आणि काय अद्याप येत नाही, असे तीन भाग करून लिहावे. पंधरा वर्षांनंतर समितीपुढे किंवा न्यायालयापुढे हीच नोंद त्या मुलाच्या बाजूने बोलणारा एकमेव कागद असू शकेल.

प्रसंगाचे उत्तर

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळता येईल. मुख्याध्यापकांनी जन्मतारखेचा दाखला द्यावा. तो देणे त्यांना भागच आहे. ‘काहीही समजत नाही’ असे पत्र मात्र देऊ नये, कारण ते असत्य आहे. जो नाव लिहितो, नोट ओळखतो आणि शेळ्या मोजतो, त्यास काहीही समजत नाही असे म्हणता येत नाही. बौद्धिक अक्षमता किती आहे हे ठरविणे शाळेचे काम नाही. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्राची पद्धत आहे. शाळेने शाळेपुरते व खरे तेवढे लिहावे.

थोरल्या भावास त्यांनी सौम्यपणे सांगावे की, जमिनीच्या विक्रीत त्याचा स्वतःचा हिस्सा आहे. म्हणून धाकट्याच्या वतीनेही त्यानेच ठरवावे, हे कायद्याला मान्य होणार नाही. ह्या व्यवहारापुरता पालक लागलाच, तर विक्रीत स्वार्थ नसलेली व धाकट्याचा विश्वास असलेली व्यक्ती शोधावी. मामा असेल, मावशी असेल, आत्या असेल. धाकट्याच्या हिश्शाची रक्कम त्याच्याच नावे राहावी व तिचा हिशेब समितीस जावा. हे नियमाने केले, तर उद्या त्याच्यावरही कोणी बोट ठेवणार नाही.

आईस सांगावे की, तिच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दोन-तीन मिळून उत्तर होते. तिने आपले मृत्युपत्र करावे. पैशाची तजवीज असल्यास १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखाली मुलाच्या नावे खासगी न्यास करता येतो. राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक स्तर समितीकडे जाऊन, कोणत्या कामासाठी पालक लागेल, हे तिच्या हयातीतच ठरवावे. आणि ज्याच्याकडे मुलगा पुढे राहावयाचा, त्याच्या घरी आतापासूनच त्यास अधूनमधून राहावयास पाठवावे, म्हणजे त्याचे मन तेथे रमते की नाही हे कळेल.

आणि शेवटी, मुख्याध्यापकांनी त्या तरुणास शाळेत बोलावून घ्यावे. आईसमोर, भावासमोर, त्यास जवळ बसवून विचारावे : “रस्त्याकडची जमीन विकायची म्हणतात. तुला ठाऊक आहे का? तुला कोणाकडे राहायला आवडते? तुझे पैसे कोणी ठेवावेत?” पहिल्या वेळी तो गप्प बसेल. आजवर त्यास असे कोणी विचारलेलेच नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारावे. दोन-तीन वेळा विचारल्यावर तो, “मामा,” असे म्हणेल किंवा, “आईकडेच,” असे म्हणेल. ते उत्तर आईने व भावांनी आपल्या कानांनी ऐकावे. पुढे ते समितीपुढे जातील तेव्हा त्यासही बरोबर न्यावे, म्हणजे समितीच्या सदस्यांनाही तेच उत्तर त्याच्याच तोंडून ऐकावयास मिळेल.

ज्या शाळांत आज अशी मुले शिकत आहेत, तेथील शिक्षकांनी हे संमेलन आटोपल्यावर जनरल रजिस्टर उघडावे व त्या प्रत्येकाच्या जन्मतारखेवरून अठरा वर्षे केव्हा पूर्ण होतात, हे काढून ठेवावे. त्या दिवसाला अद्याप किती वर्षे आहेत हे कळले, म्हणजे तोवर त्यास काय काय शिकवावयाचे आहे, हेही आपोआप ठरेल.